राखीव साठा

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. सोसायटीची मीटिंग म्हटलं की पार्किंग, कुत्री आणि गळती या तीन विषयांपलीकडे गाडी सहसा जात नाही, पण या वेळी चौथा विषय निघाला, पाणी. आठवडाभर आमच्या मुलुंडच्या गल्लीत पाणी कमी दाबाने येत होतं, वरच्या मजल्यांवर बोंब होती, आणि टँकर मागवायचा तर पैसे कुठून काढायचे यावर सेक्रेटरी आणि खजिनदार यांच्यात जुंपली होती. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका उठले आणि म्हणाले, "टँकर हवाय कशाला? गच्चीवर फायरच्या टाकीत पाणी आहे की. वीस वर्षांत आपल्या बिल्डिंगला कधी आग लागली आहे का? नुसतं पडून आहे ते!"

मला हसू फुटलं. बायकोने कोपराने ढोसलं म्हणून आवरलं. हसायचं कारण एवढंच की दोनच दिवसांपूर्वी, शुक्रवारी संध्याकाळी, ऑफिसात मी जवळपास हेच वाक्य ऐकलं होतं. फक्त टाकीच्या जागी डिस्क होती.

झालं असं की आमच्या अंधेरीच्या ऑफिसातला एक टेस्ट सर्व्हर संध्याकाळी सातच्या सुमारास ठप्प झाला. "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस." टीममधला एक मुलगा (हुशार आहे, दोन वर्षं झालीत कामाला लागून) माझ्याकडे आला. "सर, गंमत बघा. डीएफ म्हणतंय एकूण ९१६ जीबी, वापरलेली ८७० जीबी, आणि शिल्लक शून्य. ९१६ मधून ८७० गेले तर ४६ उरायला नकोत का? मी शोधलं, तर ही पाच टक्के जागा रूटसाठी राखीव असते म्हणे. नुसतीच पडून आहे. ट्यून-टू-एफएसची एक कमांड मारतो, राखीव भाग शून्य करतो, लगेच ४६ जीबी मोकळे. मारू?"

मी "नको" म्हणालो, आणि जरा जास्तच जोरात म्हणालो बहुतेक, कारण तो दचकला. माझ्या आवाजाला जुनं कारण आहे, ते पुढे येईलच. पण आधी हा ९१६ वजा ८७० चा हिशोब नीट बघू, कारण कित्येक वर्षं लिनक्स वापरणारी माणसंसुद्धा इथे अडखळतात.

ईएक्सटी४ सारखी फाइलसिस्टिम डिस्कवर बनवली की तिच्यातले पाच टक्के ब्लॉक मुळातच राखीव म्हणून नोंदवले जातात. ते डिस्कच्या एखाद्या कोपऱ्यात कुंपण घालून वेगळे काढलेले असतात अशी बऱ्याच जणांची समजूत असते. तसं नसतं. माझ्या मावशीच्या बोरिवलीच्या बिल्डिंगमध्ये गच्चीवर एकच टाकी आहे, पण घरांना पाणी देणारा पाइप तिच्या तळाशी जोडलेला नाही, बराच वर जोडलेला आहे. पाणी त्या पाइपच्या खाली गेलं की घरातले नळ कोरडे पडतात, पण टाकी रिकामी झालेली नसते. तळाजवळ जोडलेला दुसरा पाइप आहे, तो आग विझवायच्या लाइनचा, त्याला ते पाणी मिळतं. राखीव ब्लॉक अगदी असेच आहेत. कोणते ब्लॉक राखीव हे ठरलेलं नसतं, किती राखीव एवढंच ठरलेलं असतं. मोकळ्या ब्लॉकांची संख्या त्या पातळीखाली गेली की कर्नल विचारतो, लिहिणारा कोण? रूट असेल तर लिहू देतो. तुमचं-आमचं प्रोग्राम असेल तर "जागा नाही" म्हणून परत पाठवतो.

डीएफचा "शिल्लक" हा रकाना तुमच्या-आमच्यासाठी असतो, रूटसाठी नसतो. टक्केवारीही त्याच हिशोबाने निघते: वापरलेलं भागिले वापरलेलं अधिक तुम्हाला मिळू शकणारं. म्हणून ८७० जीबीलाच १०० टक्के. जुन्या बीएसडीवर तर याहून मजा होती. तिथे रूट राखीव भागात लिहायला लागला की डीएफ १०५, १०८ असे आकडे दाखवायचं, आणि शिल्लक जागा चक्क उणे. दहा टक्के राखीव असलेली डिस्क काठोकाठ भरली की १११ टक्के! नवीन माणसाला हा बग वाटतो. मुंबईकराला वाटू नये. आपल्या लोकलच्या गर्दीसाठी "सुपर डेन्स क्रश लोड" हा शब्द खुद्द रेल्वेने काढलाय, एका चौरस मीटरमध्ये उभी १४ ते १६ माणसं. शंभर टक्क्यांच्या वर काय असतं ते आपण रोज बघतो.

हे दहा टक्के आले कुठून? बर्कले विद्यापीठातून. मॅकक्युसिक, बिल जॉय, लेफ्लर आणि फॅब्री यांनी युनिक्ससाठी नवी, वेगवान फाइलसिस्टिम लिहिली. ती १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये आली आणि त्यावरचा त्यांचा पेपर १९८४ मध्ये छापून आला. जुन्या फाइलसिस्टिमचा मुख्य रोग हा की एका फाइलचे तुकडे डिस्कभर विखुरलेले, डोकं इकडून तिकडे नाचतंय आणि वेग रांगतोय. यांनी एकाच फाइलचे ब्लॉक जवळजवळ ठेवायची व्यवस्था केली. पण जवळ ठेवायचं तर जवळ मोकळी जागा हवी ना! संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये अंधेरीला चढलेल्या चौघांच्या कुटुंबाला एकत्र बसायला मिळेल का? (बसायला सोडा, चौघंही एकाच डब्यात चढले तरी खूप.) त्या पेपरात सरळ लिहिलंय की मोकळे ब्लॉक शून्यावर आले की फाइलसिस्टिमचा वेग जवळपास निम्मा होतो. म्हणून दहा टक्के नेहमी मोकळे ठेवायचे, आणि त्या रेषेखाली जायची मुभा फक्त अॅडमिनिस्ट्रेटरला.

म्हणजे राखीव जागेमागे पहिल्यापासून दोन कारणं आहेत. एक, वेग टिकावा. दोन, संकटात रूटच्या हाताशी थोडी जागा असावी. आपल्याकडे लोकांना दुसरंच तेवढं माहीत असतं. १९९३ मध्ये रेमी कार्ड, थिओडोर त्सो आणि स्टीफन ट्वीडी यांची ईएक्सटी२ लिनक्सवर आली. तिच्यात हा आकडा पाच टक्के झाला, आणि तोच ईएक्सटी३, ईएक्सटी४ करत आजपर्यंत चालत आलाय. फ्रीबीएसडीत आठ टक्के आहे. झेडएफएससुद्धा साधारण बत्तिसावा हिस्सा हातचा ठेवते, आणि तिथे कारण आणखी गमतीचं आहे. झेडएफएस किंवा बीटीआरएफएससारख्या फाइलसिस्टिममध्ये जुन्या जागेवर काही खोडून लिहित नाहीत, बदल नव्या जागी लिहितात. त्यामुळे फाइल पुसायलाही आधी थोडी नवी जागा लागते. डिस्क खरोखर काठोकाठ भरू दिली तर जागा करायला म्हणून आरएम मारावं, आणि त्यालाच "जागा नाही" असं उत्तर यावं. घर आवरायचंय पण दार उघडायलाच जागा नाही, तसला प्रकार.

आता माझी गोष्ट. ही मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

२००४ साल. आम्ही तिघं मिळून एक छोटं दुकान चालवत होतो, सॉफ्टवेअरचं. अंधेरी एमआयडीसीतल्या एका कंपनीचं (नाव नको) कंत्राटी कामगारांच्या हजेरीचं आणि पगाराचं काम आमच्याकडे होतं. दोनशेच्या आसपास कामगार. सर्व्हर एक, त्यात ३६ जीबीची एक स्कझी डिस्क, तिच्यावर एकच मोठं पार्टिशन, ईएक्सटी३. हजेरीचा प्रोग्राम साध्या युजरच्या नावाने चालायचा आणि वेड्यासारखे लॉग लिहायचा. पगाराच्या रात्रीच्या स्क्रिप्ट मात्र रूटच्या क्रॉनमध्ये होत्या. ते योग्य होतं असं म्हणत नाही, तेव्हा सगळे तसंच करायचे.

जून महिन्यात एका शुक्रवारी रात्री डिस्क भरली. हजेरीचा प्रोग्राम बंद. लॉग बघून, जुने कुठले ते ठरवून, बॅकअप घेऊन पुसायला दीड-दोन तास लागले असते. मला घाई होती. तेव्हा मेट्रो नव्हती (वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली), ३४० नंबरची बस पकडून घाटकोपर आणि तिथून लोकलने मुलुंड असा माझा रस्ता होता, आणि नऊनंतर त्या बसची वाट बघणं हा एक स्वतंत्र छळ होता. मी ट्यून-टू-एफएसची ती कमांड मारली. पाच टक्के शून्य झाले, १.८ जीबी मोकळी झाली, हजेरी सुरू झाली, आणि मी बसला धावलो. कुणाला सांगितलं नाही. कुठे लिहून ठेवलं नाही. सोमवारी लॉग साफ करू म्हटलं होतं, पण सोमवारी डिस्क तक्रार करत नव्हती, म्हणून राहून गेलं.

त्या वर्षी गणेश चतुर्थी १८ सप्टेंबरला होती, शनिवारी. कंपनी कामगारांना गणपतीआधी उचल द्यायची. ज्याला जेवढी हवी तेवढी तो चिठ्ठीवर लिहून द्यायचा, आठवडाभर त्या चिठ्ठ्या आमच्या यादीत भरल्या जायच्या, आणि गुरुवारी रात्री स्क्रिप्ट त्या यादीत आधीच्या उचलीची वजावट करून बँकेला द्यायची फाइल बनवायची. शुक्रवारी बँकेत फाइल, संध्याकाळी खात्यात पैसे, शनिवारी गणपती. मी बुधवारी रात्रीच कोकण रेल्वेने गावी गेलो होतो, कणकवलीजवळ.

शुक्रवारी, हरतालिकेच्या दुपारी, शेजारच्या वाण्याच्या फोनवर मला निरोप आला. बँकेने फाइल परत पाठवली होती. फाइल रिकामी होती. शून्य बाइट. आणि नुसती बँकेची फाइलच रिकामी नव्हती, मूळ यादीसुद्धा रिकामी होती. कारण माझी स्क्रिप्ट यादी वाचायची, मेमरीत हिशोब करायची आणि त्याच नावाची फाइल परत उघडून तिच्यावर लिहायची. लिहिण्यासाठी फाइल उघडली की पहिली गोष्ट होते ती म्हणजे तिच्यातलं जुनं पुसलं जातं. मग नवं लिहायला गेली, तर डिस्कवर जागा नव्हती. त्या सुटलेल्या जागेत हजेरीच्या प्रोग्रामने त्याच सेकंदाला आपले लॉग ओतले असणार. लिहिणं जमलं की नाही हे माझ्या स्क्रिप्टने तपासलंच नव्हतं. ती निवांतपणे पुढच्या ओळीवर गेली, मेलवर "काम पूर्ण" असा निरोपही पाठवून मोकळी झाली.

बॅकअप आधीच्या रविवारचा होता. आठवड्याच्या चिठ्ठ्या त्यात नव्हत्या. माझ्या भागीदाराने शुक्रवारी दुपारपासून चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन सगळं पुन्हा भरलं, पण तोवर बँकेची वेळ टळली. शनिवारी चतुर्थी, मग रविवार. पैसे सोमवारी, २० तारखेला जमा झाले. ज्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती होता त्यांचं विसर्जन रविवारीच होऊन गेलं होतं.

मला कुणी शिव्या दिल्या नाहीत. कंपनीला कारण कळलंच नाही, "कॉम्प्युटर बिघडला" एवढंच कळलं. महिन्याभराने तिथल्या एका वयस्क कामगाराला मी सहज विचारलं, तर म्हणाले, "मूर्ती काय, उधारीवर मिळते साहेब. मोदकाचा नारळसुद्धा वाण्याने दिला. पण मुलीला सासरहून आणायची होती, तिचं तिकीट राहिलं." यावर काय बोलायचं असतं मला अजून समजलेलं नाही.

आता यात राखीव जागेचा संबंध काय, चूक तर स्क्रिप्टची, असं म्हणाल. स्क्रिप्टची होतीच. नवी यादी वेगळ्या नावाने लिहायची, नीट लिहिली गेली हे तपासायचं आणि मगच जुन्या नावावर सरकवायची, ही शिस्त तेव्हाही पुस्तकात होती. मी पाळली नव्हती. पण बघा, ते पाच टक्के जागेवर असते तर काय झालं असतं? हजेरीचा प्रोग्राम साध्या युजरचा, तो १.८ जीबी शिल्लक असतानाच अडला असता. कदाचित ऑगस्टमध्येच अडला असता, मी मुंबईत असताना. आरडाओरडा झाला असता, कुणीतरी मला फोन केला असता, मी लॉग साफ केले असते. आणि समजा गुरुवारी रात्रीच अडला असता, तरी पगाराची स्क्रिप्ट रूटची होती. तिला त्या १.८ जीबीतून काही केबी मिळालेच असते. माझ्या वाईट स्क्रिप्टला सांभाळून घेणारी एकच गोष्ट त्या मशीनवर होती, आणि तीच मी जूनमध्ये काढून घेतली होती.

माझं मत असं झालंय की राखीव जागेचा मोठा उपयोग त्या जागेत नाहीच. डिस्क "भरली" असं ती थोडं आधी सांगते, अजून काहीतरी करता येण्यासारखं असतं तेव्हा, हा तिचा उपयोग. राखीव भाग शून्य केला की जागा वाढत नाही, ओरडा तेवढा पुढे ढकलला जातो. आणि ढकललेला ओरडा नेमका हरतालिकेलाच ऐकू येतो.

पण म्हणून पाच टक्क्यांची पूजा करा असंही मी म्हणत नाही. ३६ जीबीत पाच टक्के म्हणजे १.८ जीबी, ठीक होतं. आज १८ टीबीची डिस्क मिळते, तिच्यात पाच टक्के म्हणजे ९०० जीबी! घरच्या फोटोंच्या, सिनेमांच्या डिस्कवर ९०० जीबी रूटच्या नावाने अडकवून ठेवायला रूट तिथे करणार काय आहे? तिथे एक टक्का करा, किंवा टक्केवारी सोडून थेट ब्लॉकचा आकडा द्या, ट्यून-टू-एफएस दोन्ही ऐकतं. निव्वळ साठवणीच्या डिस्कवर मी स्वतः काही जीबी ठेवतो, बाकी सोडवतो. एक्सएफएसमध्ये तर रूटसाठी असा टक्केवारीचा राखीव भागच नसतो, कर्नल आपल्या कामापुरते थोडे ब्लॉक गुपचूप बाजूला ठेवतो. मी भांडतोय ते ज्या पार्टिशनवर सिस्टिम राहते, लॉग लिहिले जातात, डेटाबेस चालतो त्याबद्दल. आणि तिथेही, आकडा बदलायचाच असेल तर मंगळवारी सकाळी, चहा घेऊन, चार जणांना सांगून बदला. डिस्क भरलेली असताना रात्री नऊ वाजता बदलू नका.

दुसरी एक गोष्ट मला हल्ली जास्त खुपते. आपण राखीव भाग ठेवतो आणि वर सगळं रूट म्हणूनच चालवतो. डॉकरचे कंटेनर घ्या. वेगळं काही सांगितलं नाही तर आतला प्रोग्राम युजर शून्य, म्हणजे रूट म्हणून चालतो, आणि युजर नेमस्पेस लावलेली नसेल तर बाहेरच्या कर्नललाही तो युजर शून्यच दिसतो. कर्नल विचारतो लिहिणारा कोण, उत्तर येतं रूट, आणि राखीव ब्लॉक बिनबोभाट खाल्ले जातात. अपंगांसाठी राखीव डब्यात रात्रीच्या गर्दीत कोण कोण चढतं ते आपण बघतोच. फळ्यावर लिहिलेलं असतं, पण डब्यात चढताना विचारणारा कुणी नसतो. माझ्या मते आज पाच टक्के की एक टक्का या वादापेक्षा हे जास्त गंभीर आहे, पण याच्यावर कुणी तावातावाने बोलत नाही.

शुक्रवारच्या मुलाला मी हे सगळं सांगितलं नाही. (हरतालिकेची गोष्ट तर नाहीच.) त्याला म्हटलं, आधी ८७० जीबी गेले कुठे ते शोध. त्याने डीयू चालवलं, तर सगळ्या फाइलींची बेरीज साडेसहाशेच्या घरात आली. डीएफ म्हणतंय ८७०, डीयू म्हणतंय ६५०. तो चक्रावला. मला बरं वाटलं, कारण हा खेळ मला ओळखीचा आहे. बुधवारी कुणीतरी एक अवाढव्य लॉग फाइल पुसली होती, पण तिच्यात लिहिणारा जावाचा प्रोग्राम चालूच होता. युनिक्समध्ये फाइल पुसली म्हणजे तिचं नाव पुसलं. जोवर कुणाच्या हातात ती उघडी आहे तोवर जागा सुटत नाही. दारावरची पाटी काढली, भाडेकरू आतच. डीयू पाट्या मोजतं, डीएफ माणसं मोजतं. एलएसओएफने तो प्रोग्राम पकडला, पुन्हा सुरू केला आणि २०० जीबीच्या वर जागा एका क्षणात परत आली. पुसण्याऐवजी ती फाइल तिथल्या तिथे रिकामी केली असती तर हे झालंच नसतं.

जाता जाता त्याला आयनोडचंही सांगून ठेवलं. एखाद्या दिवशी डीएफ अर्धी डिस्क मोकळी दाखवेल आणि तरी "नो स्पेस लेफ्ट" येईल, तेव्हा डीएफ मायनस आय मारून बघ. ईएक्सटी४ दर १६ केबीमागे एक आयनोड धरून चालते, म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर साधारण सहा कोटी फाइली. पुष्कळ वाटतात, पण सेशनच्या चिमुकल्या फाइली कुणी साफ केल्या नाहीत तर त्याही संपतात. त्याने मान डोलावली. मग निघताना विचारलंच, "मग ते ४६ जीबी तसेच ठेवायचे?" म्हटलं, तसेच. पण आपण निदान डीएफ ८० टक्क्यांवर गेलं की मेल येईल एवढी स्क्रिप्ट सोमवारी लाव. आणि मेल लिहायची जागा आहे की नाही तेही तपासायला सांग तिला.

मीटिंगमध्ये मी काकांना उत्तर दिलं ते डिस्कचं उदाहरण घेऊन नाही, तेवढी अक्कल आहे. मी २०२४ ची आठवण दिली. त्या वर्षी तलावांनी तळ गाठला होता. सातही तलाव मिळून १४.४७ लाख दशलक्ष लिटर पाणी मावतं, पण मेअखेर हातात फारसं राहिलं नव्हतं. महापालिकेने काय केलं? भातसा आणि अप्पर वैतरणा या राज्य सरकारच्या धरणांमधला राखीव साठा वापरायची परवानगी आधीच मागून घेतली, आणि ती हातात असूनसुद्धा ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के कपात लावली. राखीव साठ्याला हात लागला, पण किती, कुणाच्या सहीने आणि त्याच्या बदल्यात आपण काय कमी वापरायचं हे ठरवून. काकांना म्हटलं, तुम्ही फायरचं पाणी काढायचं म्हणताय त्यात फायर ब्रिगेडची परवानगीही नाही आणि कपातही नाही. नुसता नळ सोडायचा म्हणताय. काका म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला, तुला काय कळतं पाण्यातलं." हे मान्यच करावं लागलं.

टँकर मागवायचं ठरलं. आणि सोसायट्यांमध्ये नेहमी होतं तसं झालं. जो बोलला त्याच्या गळ्यात काम पडलं. फायरच्या टाकीची पातळी बघून समितीला लेखी कळवायची जबाबदारी माझ्यावर आली. संध्याकाळी वॉचमनला घेऊन गच्चीवर गेलो, गंजलेलं झाकण दोघांनी मिळून उचललं आणि मोबाइलचा टॉर्च आत मारला. टाकी निम्म्याहून जास्त रिकामी होती. बॉलकॉक कधीतरी मोडून पडलेला, पाणी भरायचं केव्हाच थांबलेलं. ज्या पाण्यावरून आम्ही पाऊण तास भांडलो ते तिथे नव्हतंच. वॉचमन म्हणाला, त्याच्या तीन वर्षांत ते झाकण कुणी उघडलेलं त्याने पाहिलं नाही.

प्लंबर आज सकाळी नऊला येतो म्हणाला होता. साडेअकरा वाजलेत, अजून पत्ता नाही. तो येईपर्यंत हे लिहून झालं.